खपलीत बुरशी दिसते, पण चाचणी म्हणते ‘म्युटेशन आढळले नाही’: दर पावसाळ्यात परत येणारा बिघाड

तक्रार साधारण अशी असते. त्वचारोगतज्ज्ञांकडून गजकर्णाच्या रुग्णाची खपली येते. केओएच माउंटमध्ये, म्हणजे केओएच या अल्कलीत खपली भिजवून केलेल्या स्लाइडवर, हायफी (बुरशीचे धागे) स्वच्छ दिसतात. रिअल-टाइम पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवत त्यांचा सिग्नल मोजणारी चाचणी) लावल्यावर बुरशीची ओळखही पटते: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणारं म्युटेशन (जनुकातला बदल) मात्र सापडत नाही आणि तसा रिपोर्ट जातो. तीन-चार आठवड्यांनी त्याच खपलीचं कल्चर वाढतं, एमआयसी (बुरशीची वाढ रोखायला औषध कमीत कमी किती लागतं याची चाचणी) लावली जाते आणि बुरशी टर्बिनाफिनच्या नाकावर टिच्चून वाढलेली दिसते. त्या कॉलनीतून डीएनए काढून तीच चाचणी पुन्हा केली की म्युटेशन लख्ख समोर येतं.

मधल्या काळात रुग्णाने रोज टर्बिनाफिनची गोळी घेतलेली असते. खाज तशीच, चट्टे पसरलेले, घरातल्या आणखी एका-दोघांना लागण आणि ‘रिपोर्ट तर चांगला होता ना?’ हा प्रश्न. जनुकीय चाचणी आपण करतो ती हा महिना वाचवण्यासाठी. तिने उलट तो घालवला तर ती नसलेली बरी. म्हणून हा बिघाड ‘होतं कधीकधी’ म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नाही, तुम्हीही सोडू नका.

पुण्यात जून ते सप्टेंबरमध्ये हे जास्त दिसतं. पहिला संशय एंझाइमच्या लॉटवर जातो, नवा किट मागवला जातो, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. कारण मूळ दोष चाचणीच्या मांडणीत असतो. म्युटेशनचा सिग्नल आला नाही, यालाच ती ‘म्युटेशन नाही’ समजते. सिग्नल न येण्याची कारणं बरीच आहेत आणि म्युटेशन खरोखर नसणं हे त्यातलं फक्त एक. बाकीची कारणं ज्या क्रमाने आम्ही तपासतो त्या क्रमाने मांडतो.

आधी जनुकाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टर्बिनाफिन बुरशीच्या स्क्वालीन एपॉक्सिडेज या एंझाइमला अडवतं. एंझाइम अडलं की एर्गोस्टेरॉल तयार होत नाही, स्क्वालीन पेशीत साचत जातं आणि बुरशी मरते. या एंझाइमचं जनुक एसक्यूएलई. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ३९७ व्या जागी फेनिलॲलनिनऐवजी ल्युसीन आलं, म्हणजे एफ३९७एल हा बदल झाला, की औषधाची पकड सुटते. ३९३ व्या जागचे एल३९३एफ आणि एल३९३एस हे बदलही तेच करतात. दिल्लीतून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ३२ टक्के नमुने टर्बिनाफिनला दाद न देणारे निघाले आणि त्यांच्यात याच जनुकातले बदल सापडले. तेव्हा या बुरशीची नोंद ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटाल म्हणून व्हायची. इंडोटिनी हे वेगळं नाव तिला २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी दिलं. जुने पेपर वाचताना आणि प्रायमर (पीसीआर कुठून सुरू व्हायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) उचलताना हे ध्यानात ठेवा.

पहिला तपास: एक जनुक शेकड्यांनी, दुसरं एकटं

बहुतेक मांडण्यांत बुरशीची ओळख आयटीएस भागावरून होते आणि औषधप्रतिकार एसक्यूएलईवरून. आयटीएस हा राइबोझोमल डीएनएचा भाग. बुरशीच्या एका जीनोममध्ये त्याच्या प्रती डझनांनी, कधी शेकड्यांनी असतात. एसक्यूएलईची प्रत एकच. समजा हे गुणोत्तर शंभरास एक आहे. पीसीआरमध्ये दर सायकलला डीएनए दुप्पट होतो, म्हणजे शंभरपटीचा फरक भरून काढायला साडेसहा सायकल जास्त लागतात. आयटीएसची सीटी (सिग्नल दिसायला लागलेल्या सायकलींची संख्या) ३३ आली असेल तर एसक्यूएलईची सीटी ३९ ते ४० च्या घरात जाणार, आणि तिथे सिग्नल येणं-न येणं नशिबाचं असतं. ट्यूबमध्ये जनुकाची एखादीच प्रत गेली किंवा एकही गेली नाही, एवढाच तो प्रश्न उरतो.

बुरशी सापडली आणि म्युटेशन सापडलं नाही, या रिपोर्टमागे सगळ्यात जास्त वेळा हेच असतं. कॉलनीतून काढलेल्या डीएनएमध्ये दोन्ही जनुकं भरपूर असतात, त्यामुळे तिथे चाचणी कधीच अडखळत नाही. आपणही ती आधी कॉलनीवरच तपासून घेतो, नव्वद टक्के काम झालं असं समजतो आणि खपलीला हात घालतो. खपली हे वेगळं जग आहे.

उपाय असा. माहितीतला म्युटंट (बदललेल्या जनुकाचा) आणि माहितीतला मूळ क्रमाचा (न बदललेल्या जनुकाचा) स्ट्रेन, म्हणजे वाण, घ्या. त्यांच्या स्पोअर्सची मोजून क्रमवार सौम्य द्रावणं करा आणि ती निरोगी त्वचेच्या खपलीत मिसळा. प्रत्येक पातळीवर वीस वेळा चाचणी लावा. वीसपैकी किमान एकोणीस वेळा एसक्यूएलईचा निकाल बरोबर येतो ती शेवटची पातळी शोधा आणि त्या पातळीला आयटीएसची सीटी किती येते ते पाहा. ती तुमची मर्यादा. आयटीएसची सीटी तिच्या पुढे गेली की ‘बुरशी आहे’ एवढंच म्हणायचं, औषधाबद्दल काहीही म्हणायचं नाही. हा आकडा दुसऱ्या लॅबकडून उसना घेता येत नाही. मशिन, डीएनए काढायची पद्धत, ट्यूबमधलं आकारमान, सगळ्यावर तो हलतो.

नेस्टेड पीसीआर (पहिल्या फेरीतल्या प्रतींवर पुन्हा दुसरी फेरी) लावून संवेदनशीलता वाढवा, असा सल्ला हमखास मिळतो. रोजच्या तपासणीसाठी माझा त्याला विरोध आहे. पहिल्या फेरीची ट्यूब उघडली की लाखो प्रती टेबलावर, ग्लोव्हजवर, पिपेटमध्ये जातात आणि मग पुढचे कित्येक आठवडे कोरी ट्यूबही म्युटंट दाखवते. त्यापेक्षा खपली जास्त घ्या, डीएनए कमी द्रवात उतरवून घ्या आणि पीसीआरमध्ये नमुन्याचं आकारमान वाढवा.

दुसरा तपास: मूळ क्रमाचा सिग्नल तुम्ही मागता का?

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. अनेक घरगुती मांडण्यांत फक्त म्युटंट पकडणारा प्रायमर किंवा प्रोब (क्रम जुळला की ठरलेल्या रंगात पेटणारा डीएनएचा तुकडा) असतो. तो पेटला तर प्रतिकार आहे, नाही पेटला तर औषध चालेल. ही मांडणी मुळातच धोक्याची आहे.

३९७ व्या जागेचा मूळ कोडॉन, म्हणजे ते अमिनो आम्ल ठरवणारे डीएनएचे तीन बेस (अक्षरं), टीटीसी. एकाच बेसच्या बदलाने त्याचा ल्युसीन तीन प्रकारे होऊ शकतो: पहिला टी बदलून सीटीसी, किंवा शेवटचा सी बदलून टीटीए किंवा टीटीजी. भारतातल्या नमुन्यांत ११८९ व्या बेसवर टी जाऊन सी येणं आणि ११९१ व्या बेसवर सी जाऊन ए येणं, दोन्ही नोंदले गेले आहेत. प्रथिनाच्या पातळीवर दोन्हीचं नाव एकच, एफ३९७एल. पण सीटीसीसाठी बनवलेल्या प्रायमरचं शेवटचं, म्हणजे ३-प्राइम, टोक टीटीए असलेल्या जनुकावर नीट बसत नाही. चाचणी ‘एफ३९७एल पकडते’ असं म्हणते आणि एफ३९७एल असलेलीच बुरशी तिच्या हातून निसटते.

३९३ आणि ३९७ या जागांमध्ये फक्त १२ बेसचं अंतर आहे. टॅकमॅन हा नेहमीच्या वापरातला प्रोब २० ते ३० बेसचा असतो. ३९७ वर बसवलेला मूळ क्रमाचा प्रोब बहुधा ३९३ लाही झाकतो. रुग्णाच्या बुरशीत एल३९३एफ असेल तर तो प्रोब सैल बसतो आणि पेटत नाही, ३९७ चा म्युटंट प्रोबही पेटत नाही. दोन्ही रंग अंधारात. फक्त म्युटंट रंग पाहणाऱ्या मांडणीत हे ‘म्युटेशन नाही’ ठरतं. मूळ क्रमाचा रंग सक्तीने मागणाऱ्या मांडणीत मात्र ते ‘इथे काहीतरी वेगळं आहे, सिक्वेन्सिंग करा’ असं ठरतं. एकाच नमुन्याचे हे दोन निकाल, आणि दोन्हींतून रुग्णाच्या हाती वेगवेगळं औषध जातं.

त्यामुळे नियम कडक ठेवा. मूळ क्रमाचा प्रोब स्पष्ट पेटला तरच ‘मूळ क्रम’ म्हणायचं. दोन्ही रंग गप्प असतील आणि आयटीएस मर्यादेच्या आत असेल, तर तो नमुना दोन्ही जागा मध्ये धरणाऱ्या तीन-चारशे बेसच्या तुकड्याच्या सँगर सिक्वेन्सिंगला (डीएनएचा क्रम अक्षर-अक्षर वाचायची पद्धत) पाठवायचा. पुण्यात ही सोय सहज होते, त्यासाठी अडून बसायचं कारण नाही. शक्य असेल तर ३९३ आणि ३९७ साठी छोटे, वेगळे प्रोब डिझाइन करा. आणि ए४४८टी हा बदल दिसला म्हणून टर्बिनाफिनचा प्रतिकार लिहून मोकळं होऊ नका. तो एकटा असताना टर्बिनाफिनची एमआयसी फारशी चढत नाही.

तिसरा तपास: भिंत फुटली का?

त्वचेत ही बुरशी आर्थ्रोकोनिडियाच्या, म्हणजे धाग्यांचे तुकडे पडून झालेल्या स्पोअर्सच्या, रूपात असते. त्यांची भिंत जाड, चिटिन आणि ग्लुकानची. प्लेटवरची कोवळी मायसेलियम (धाग्यांची जाळी) सहज फुटते, खपलीतली बुरशी फुटत नाही. रक्त किंवा घशातल्या स्वॅबसाठी बनवलेला एक्स्ट्रॅक्शन किट जसाच्या तसा वापरला की भिंत शाबूत राहते आणि डीएनए आतच अडकतो.

हे लक्षात का येत नाही? कारण कंट्रोल चुकीचा असतो. बहुतेक ठिकाणी माणसाचं जनुक, म्हणजे बीटा-ग्लोबिन किंवा आरनेझ पी, कंट्रोल म्हणून ठेवतात. माणसाची पेशी साध्या लायसिस बफरमध्ये फुटते, कंट्रोल हसत पास होतो आणि आपण निर्धास्त. शेजाऱ्याचं दार उघडलं म्हणून आपलं घर उघडत नाही. कंट्रोल असा हवा की त्यालाही बुरशीची भिंत असेल: दुसऱ्याच एखाद्या, त्वचेवर सहसा न आढळणाऱ्या बुरशीचे मोजून घेतलेले स्पोअर्स एक्स्ट्रॅक्शनच्या आधी प्रत्येक नमुन्यात घालायचे आणि त्या बुरशीचं जनुक वेगळ्या रंगात पाहायचं. ते उशिरा आलं तर भिंत फुटलेली नाही किंवा पुढे पीसीआर अडलेला आहे.

असा स्ट्रेन मिळवायला पुण्यासारखी जागा नाही. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा. बुरशीवरचं काम या शहराला नवं नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हमायसीन हे बुरशीविरोधी औषध शोधलं गेलं आणि ज्या जीवाणूपासून ते मिळालं त्याला पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं नाव पडलं. औषध इथे सापडू शकलं, तर त्याला न जुमानणारी बुरशी ओळखायची चांगली चाचणीही इथे व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

भिंतीसाठी आमचा क्रम असा: आधी प्रोटिनेझ के घालून ५६ अंशांवर काही तास, म्हणजे केराटिन विरघळतं. मग अर्ध्या मिलिमीटरच्या मण्यांबरोबर जोरात बीड-बीटिंग. नखांना रात्रभर ठेवावं लागतं. लायटिकेज किंवा झायमोलायेजसारखी एंझाइमं वापरत असाल तर एक सावधगिरी घ्या. ती सूक्ष्मजीवांपासून बनतात आणि काही लॉटमध्ये यीस्टचा डीएनए आढळल्याचे दाखले आहेत. सर्व बुरशी पकडणारे आयटीएस प्रायमर असतील तर कोरा नमुनाही पेटेल. त्यामुळे पीसीआरच्या टप्प्यावरची एनटीसी (डीएनए न घातलेली ट्यूब) पुरेशी नाही. एक्स्ट्रॅक्शनपासून सगळ्या पायऱ्यांतून गेलेली, फक्त खपली नसलेली एक ट्यूब प्रत्येक रनमध्ये ठेवा.

चौथा तपास: अडथळा

एकाच खपलीतून स्लाइड आणि पीसीआर दोन्ही करायचं असतं, म्हणून काही जण केओएचमध्ये भिजवलेला उरलेला भाग पीसीआरला देतात. १० ते २० टक्के केओएच उरलं तर पीसीआरचा बफर कोलमडतो. खपलीचे दोन भाग कोरडे असतानाच करा. आधी पीसीआरचा बाजूला काढा, मग स्लाइड.

मेलानिन हा पीसीआरचा जुना वैरी आहे. आपल्याकडच्या त्वचेत आणि जुनाट चट्ट्यांच्या काळपट खपलीत तो भरपूर असतो. त्यात मलमाचा थर. चाचणीला येईपर्यंत रुग्णाने काही ना काही लावलेलं असतंच, बऱ्याचदा मेडिकलमधून स्वतःच आणलेलं स्टेरॉइडचं मिश्रण. अशा मलमाने चट्ट्याचा ठळक काठ पुसट होतो आणि खपली नेमकी कुठून घ्यायची ते कळत नाही. खरवडण्याआधी जागा ७० टक्के अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि मधला बरा दिसणारा भाग सोडून पसरत्या काठावरून घ्या. हे लॅबच्या हातात नसतं. म्हणून क्लिनिकमधल्या ताईंना किंवा दादांना एकदा प्रत्यक्ष जाऊन दाखवा. छापील सूचनांपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

अडथळा आहे का, हे पाहायची खात्रीची रीत म्हणजे डीएनए दहापट सौम्य करून पुन्हा लावणं. सगळं ठीक असेल तर सीटी ३.३ ने वाढायला हवी. ती तेवढीच राहिली किंवा उलट कमी झाली, तर अडथळा आहे. पीसीआरमध्ये बीएसए (गायीच्या रक्तातलं एक प्रथिन) घातल्याने मेलानिनचा त्रास बराच कमी होतो. मात्र सौम्य करण्याची किंमत लक्षात ठेवा: एसक्यूएलईच्या मोजक्या प्रतींमधून आणखी दहापट वजा होतात. आयटीएस वाचतं, एसक्यूएलई जातं. म्हणून सौम्य केलेल्या नमुन्यालाही वर सांगितलेली आयटीएसची मर्यादाच लावायची.

पावसाळ्याचा भाग

जुलै-ऑगस्टमध्ये रुग्ण वाढतात. ओले कपडे, घट्ट जीन्स, होस्टेलमधले एकमेकांचे टॉवेल, तालमीतली माती आणि घाम. नमुने जास्त आले की प्रत्येक खपली थोडी कमी घेतली जाते. त्यात हवा दमट. खपली पारंपरिक काळ्या कागदाच्या पुडीत कोरडी राहिली तर डीएनए चांगला टिकतो. प्लॅस्टिकच्या बंद ट्यूबमध्ये दमट राहिली तर दोन दिवसांत तिच्यावर जीवाणू आणि इतर बुरशी चढतात. पुडी घ्या आणि ती सिलिका जेलच्या पाकिटाबरोबर झिपच्या पिशवीत ठेवा.

वाळवून गोळ्या केलेले पीसीआर रिएजंट वापरत असाल तर संशय आधी त्यांच्यावर घ्या. पाऊच उघडून टेबलावर राहिलं की गोळी ओल धरते आणि एंझाइम मंदावतं. ठणठणीत आयटीएसवर याचा परिणाम दिसत नाही, काठावरच्या एसक्यूएलईवर लगेच दिसतो. पाऊचमधल्या ओल शोषणाऱ्या दाण्यांचा रंग बदललेला असेल तर त्या गोळ्या रुग्णांसाठी वापरू नका. दुसरं म्हणजे गुरुवार. पुण्यात त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत फ्रीझर थोडा तापतो, पुन्हा गोठतो. आपोआप बर्फ वितळवणारे घरगुती फ्रीझर तर वीज असतानाही हे दिवसातून अनेकदा करतात. मिक्स आणि प्रोब लहान-लहान ट्यूबमध्ये भरून ठेवा, साध्या फ्रीझरमध्ये, आणि एका ट्यूबचं गोठणं-वितळणं मोजकंच होऊ द्या.

मेल्ट कर्व्ह वापरणाऱ्यांसाठी

प्रोबऐवजी हाय-रिझोल्यूशन मेल्ट (डीएनए कोणत्या तापमानाला सुटा होतो त्यावरून बदल ओळखणं) वापरला की खर्च कमी होतो आणि अनोळखी बदलही पकडता येतात, हे खरं. पण सगळे बदल सारखे दिसत नाहीत. टी जाऊन सी आला तर वितळण्याचं तापमान चांगलं हलतं. सी जाऊन ए आला तरी दिसतं. सी जाऊन जी आला, म्हणजे टीटीजी झाला, तर फरक इतका बारीक की कर्व्ह एकमेकांवर बसतात. त्यात दोन नमुन्यांमधल्या क्षाराच्या प्रमाणातला फरकही कर्व्ह सरकवतो, म्हणून सगळे डीएनए एकाच बफरमध्ये उतरवून घ्यायला हवेत. खपलीवर थेट मेल्टचा निकाल मी देणार नाही. कॉलनीवर चालेल.

दोन्ही रंग एकदम पेटले तर

ही बुरशी हॅप्लॉइड आहे. म्हणजे एका पेशीत मूळ आणि बदललेलं अशा दोन प्रती नसतात. दोन्ही प्रोब पेटले तर एक तर नमुन्यात दोन स्ट्रेन मिसळलेत किंवा कुठूनतरी दूषण आलंय. एक्स्ट्रॅक्शनची कोरी ट्यूब स्वच्छ असेल आणि दुसऱ्यांदा काढलेल्या डीएनएवरही तसंच आलं, तर मिश्रण खरं माना आणि रिपोर्टमध्ये प्रतिकार लिहा. औषध सुरू झाल्यावर टिकणार तो म्युटंटच. सँगरने इथे खात्री होईलच असं नाही, कारण १५-२० टक्क्यांहून कमी असलेला भाग त्यात बहुधा दिसत नाही. तुमची चाचणी किती कमी मिश्रण पकडते हे दोन स्ट्रेन ५०:५०, ९०:१०, ९५:५ आणि ९९:१ असे मिसळून आधीच तपासून ठेवा.

आणि कधीकधी चाचणी बरोबर असते. मूळ क्रम स्पष्ट पेटलेला, एमआयसीही कमी, तरी रुग्ण बरा होत नाही. तेव्हा जनुकात शोधत बसू नका. गोळ्या मध्येच सोडणं, घरातल्या इतरांवर उपचार न होणं, स्टेरॉइडचं मलम चालूच असणं, ही कारणं डॉक्टरांशी बोला.

कॅन्डिडा ऑरिस असेल तर

कॅन्डिडा ऑरिसच्या चाचणीचं काय, हा प्रश्न आयसीयू असलेल्या रुग्णालयांतून आता वारंवार येतो. जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून वेगळी काढलेली आणि २००९ साली पहिल्यांदा वर्णन झालेली ही यीस्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्राधान्याच्या १९ बुरशींची यादी काढली, त्यात ती सर्वांत गंभीर गटात आहे. गजकर्णाच्या बुरशी त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्या चाचण्यांना दुय्यम मानलं जाऊ नये. दोन-दोन वर्षं रात्री झोप न लागलेली माणसं पाहिली की मला तसं मानता येत नाही.

ऑरिसमध्ये एकायनोकँडिन या औषधगटासाठी एफकेएस१ जनुकाची ६३९ वी जागा पाहतात, तिथे सेरीनच्या जागी फेनिलॲलनिन येणं महत्त्वाचं. फ्लुकोनाझोलसाठी ईआरजी११ मधले वाय१३२एफ आणि के१४३आर. पण ॲझोलबाबत (फ्लुकोनाझोल ज्या गटातलं आहे तो गट) ‘म्युटेशन आढळले नाही’ हे आणखी कमी भरवशाचं आहे, कारण औषध बाहेर फेकणारे पंप वाढवूनही ही यीस्ट प्रतिकार मिळवते आणि ते ईआरजी११ मध्ये दिसत नाही. तिथे नकारात्मक निकालावर फ्लुकोनाझोल सुरू करायला सांगू नका.

रक्तातून थेट पीसीआर करताना अडचण अशी की एका मिलिलिटर रक्तात एखाद-दुसरीच यीस्ट असते. आणि पॉझिटिव्ह झालेल्या ब्लड कल्चर बॉटलमधून घ्यायचं तर त्यातलं एसपीएस हे गोठणविरोधी द्रव्य पीसीआर अडवतं. बॉटलमधला थोडासाच द्रव घ्या, पेशी खाली बसवा, दोनदा धुवा, मगच डीएनए काढा.

रिपोर्टचे शब्द

चाचणी कितीही सुधारली तरी शेवटी डॉक्टर एक ओळ वाचतात. ‘म्युटेशन आढळले नाही’ ही ओळ काढून टाका. तिच्या जागी तीन वेगळ्या ओळी ठेवा. पहिली: अमुक म्युटेशन आढळले, टर्बिनाफिनचा प्रतिकार अपेक्षित. दुसरी: ३९३ आणि ३९७ या जागी मूळ क्रम आढळला, या जागांबाहेरचे बदल तपासलेले नाहीत. तिसरी: बुरशी आढळली, परंतु या नमुन्यावरून औषधप्रतिकाराबद्दल सांगता येत नाही, कृपया पसरत्या काठावरून पुन्हा खपली पाठवावी. तिसरी ओळ द्यायला लॅबवाल्यांना अवघड वाटतं, पैसे घेऊन उत्तर दिलं नाही असं वाटतं. डॉक्टरांना विचाराल तर ते हीच ओळ मागतील. ती वाचून ते कल्चरची वाट पाहतात, औषध बदलण्याचा विचार करतात किंवा रुग्णाला आठवड्याने पुन्हा बोलावतात. खोटा दिलासा मिळाला तर यातलं काहीच होत नाही. दुसऱ्यांदा पाठवलेल्या खपलीचे पैसे घेऊ नका.

विकत घेतलेल्या किटमध्ये असे बदल करायचे असतील तर आधी बनवणाऱ्यांशी लेखी बोला. त्या किटचा परवाना ठरावीक पद्धतीसाठीच असतो.

आणि आयटीएसची मर्यादा ठरली की त्याच दिवशी मागच्या पावसाळ्याचे रन उघडा. ‘म्युटेशन आढळले नाही’ म्हणून गेलेल्या ज्या नमुन्यांची सीटी त्या मर्यादेच्या पलीकडे होती किंवा ज्यांत मूळ क्रमाचा प्रोब पेटलाच नव्हता, त्यांची यादी करा. उरलेला डीएनए असेल तर सिक्वेन्सिंगला पाठवा, नसेल तर त्या-त्या डॉक्टरांना फोन करा आणि रुग्ण बरा झाला का ते विचारा. झाला नसेल तर नवी खपली मागवा.